गोळ्या थांबवल्या, आता दिवस कधी राहणार?

पाळणा लांबवण्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन थांबवल्यावर मूल होण्याविषयी आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं वगळून फक्त गाव ठेवलं आहे. उत्तरं आमच्या स्त्रीरोग आणि प्रयोगशाळा सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझं वय ३१. पहिल्या मुलीनंतर चार वर्षं माला-डी घेतली. गोळ्या बंद करून अडीच महिने झाले. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली, त्यानंतरची मात्र ४१ दिवसांनी. अजून दिवस राहिले नाहीत. सासूबाई म्हणायल्यात, "गोळ्यांनी पिशवी वाळून गेली." गोळ्यांचा अंश अंगातून काढायला काही औषध असतं का? पिशवी धुऊन घेऊ का? (माजलगाव)

पिशवी धुऊन घेऊ नका. हे आधी सांगतो, कारण कोणीतरी तुम्हाला तारीख देण्याच्या बेतात असेल.

माला-डीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ गोळ्यांत दोन संप्रेरकं असतात, लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. उरलेल्या ७ लोहाच्या. उपकेंद्रात फुकट मिळणारी माला-एन हीच गोळी आहे. ही संप्रेरकं मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीला गप्प बसवतात, म्हणून बीजांडकोशातून स्त्रीबीज सुटत नाही. ती शरीरात साठून राहत नाहीत. शेवटची गोळी घेतल्यावर आठवडाभरात निघून जातात, मग ती चार महिने घेतलेली असो की चार वर्षं. अंश काढायचं औषध विकणारा तुम्हाला नसलेली वस्तू काढून देणार आहे.

पिशवी वाळते हा समज कुठून आला तेही सांगण्यासारखं आहे. गोळ्या चालू असताना पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं, त्यामुळे पाळीला जेमतेम दोन-तीन दिवस थोडंसं जातं. बाईला वाटतं, आत काही उरलंच नाही. गोळी थांबली की पुढच्या एक-दोन पाळ्यांत अस्तर पूर्वीसारखं जाड होतं आणि जाणंही पूर्ववत होतं.

तुमच्या तारखा आता नीट लावू. गोळ्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी जे गेलं ती खरी पाळी नव्हती. संप्रेरक तुटल्यामुळे अस्तर गळालं, इतकंच. खरी पाळी त्यानंतरची. ती ४ ते ६ आठवड्यांत येते, तुमची ४१ दिवसांनी आली, म्हणजे ठीक आहे. याचाच अर्थ तुमचं स्त्रीबीज बहुधा एकदाच सुटलं आहे आणि प्रत्यक्ष संधीही एकदाच मिळाली आहे. सगळं उत्तम असलेल्या जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता पाचात एक, फार तर चारात एक असते. वर्षभरात मात्र साधारण पाचातल्या चार जोडप्यांना दिवस राहतात. गोळ्या कधीच न घेतलेल्या बायकांचा आकडाही जवळपास हाच आहे.

गोळ्या घेतलेल्या वर्षांत एकच गोष्ट गेली, ती म्हणजे वय. २७ व्या वर्षी घेतलेली गोळी ३१ व्या वर्षी थांबली. गोळीने बीजं संपवली नाहीत, पण राखूनही ठेवली नाहीत.

पिशवी धुणे म्हणजे क्युरेटिंग. अर्धवट गर्भपातात किंवा अस्तराचा तुकडा तपासायचा असेल तेव्हा ते करावं लागतं. मूल होण्यासाठी उगाच केलं तर आत जंतुसंसर्ग होऊ शकतो, अस्तर खरवडलं जाऊन पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. तेव्हा मात्र पिशवी खरोखरच निकामी व्हायची.

तुम्ही करायचं ते असं : पाळीचं जाणं थांबल्यापासून एक दिवसाआड संबंध ठेवा. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. ते दिवस राहण्याआधी किमान महिनाभर आणि राहिल्यावर १२ आठवडे घ्यायचं असतं. गर्भाचा मज्जारज्जू बंद होण्याचं काम दिवस राहिल्यापासून चार आठवड्यांतच उरकतं, बऱ्याच जणींना तोवर पत्ताही नसतो. मेडिकलमध्ये बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात देतात. ती आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष होता, आईला मधुमेह आहे किंवा फिटची औषधं चालू आहेत अशांसाठी असते. तेव्हा पट्टीवरचा आकडा वाचून घ्या.

वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग तपासणी. पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबायला लागली, पूर्वी क्षयरोग झाला असेल, नळीत गर्भ राहिला असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर इतकं थांबू नका.

प्रश्न : मी अहमदपूरला, मिस्टर चाकणला कंपनीत. पंधरा दिवसांनी शनिवारी येतात, रविवारी रात्री परत. गोळ्या सोडून आठ महिने झाले. पाळी ३० ते ३३ दिवसांनी येते. चौदाव्या दिवशी यायचं म्हणतात, ते बरोबर आहे का? (अहमदपूर)

चौदावा दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. मागच्या पाळीपासून मोजल्यामुळेच बहुतेकींचा हिशेब चुकतो. तुमच्या बाबतीत ३० दिवसांच्या महिन्यात ते १६ व्या दिवशी सुटेल, ३३ दिवसांच्या महिन्यात १९ व्या.

उदाहरण घेऊ. पाळी ३ ऑगस्टला आली, तो पहिला दिवस. १६ वा दिवस म्हणजे १८ ऑगस्ट आणि १९ वा म्हणजे २१ ऑगस्ट. स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तास जगतं, शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून बीज सुटायच्या आधीचे दोन दिवस सगळ्यांत चांगले, आणि सुटून गेल्यावर आलेला नवरा उपयोगाचा नाही. १५ ऑगस्टची सुट्टी सोयीची दिसते, पण तुमच्यासाठी १७ ते १९ हे दिवस जास्त कामाचे. दोन दिवसांची रजा टाकायची असेल तर तेव्हा टाकायला सांगा. पंधरा दिवसांचा फेरा आणि तुमची पाळी यांचा मेळ वर्षातून मोजक्याच महिन्यांत बसत असणार. त्यामुळे आठ महिने गेले असले तरी प्रत्यक्ष संधी दोन-तीनच मिळाल्या असतील. आधी कॅलेंडरवर मागच्या आठ पाळ्या आणि मिस्टरांच्या येण्याच्या तारखा शेजारी-शेजारी लिहा. चित्र डोळ्यांसमोर येईल.

मिस्टर आले की ताकद राखून ठेवायची म्हणून एकच रात्र ठरवू नका. पंधरा दिवस साठलेल्या वीर्यात जुने, मंद शुक्राणू जास्त असतात. राहतील तेवढे दिवस रोज संबंध आला तरी चालतो.

अंदाज अधिक पक्का हवा असेल तर ओव्ह्युलेशनची, म्हणजे बीज सुटणं ओळखायची पट्टी वापरा. सगळ्यांत छोट्या पाळीतून १७ वजा करा, तुमच्यासाठी १३ वा दिवस. तेव्हापासून रोज दुपारी एकाच वेळी लघवी तपासा, आधी दोन तास फार पाणी पिऊ नका. इथे एक चूक हमखास होते. गरोदरपणाच्या पट्टीत फिकट रेषाही होकार असते, या पट्टीत तसं नाही. तपासणीची रेष शेजारच्या रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली, तरच तो होकार. त्यानंतर २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. म्हणजे पट्टी गडद झाल्यावर फोन केला आणि ते त्याच रात्रीच्या गाडीने निघाले, तर वेळेत पोहोचतील.

पट्टी नको असेल तर अंगावरून जाणाऱ्या पाण्याकडे लक्ष द्या. एरवी चिकट, पांढरट असणारा स्राव त्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ होतो, दोन बोटांत धरला तर तार निघते. तो आजार नाही. 'पांढरं जातं' म्हणून त्यावर योनीत ठेवायच्या गोळ्या घेत बसू नका.

प्रश्न : 'अंतरा'ची तीन इंजेक्शनं घेतली. शेवटचं जानेवारीत. आता दुसरं मूल हवंय, पण पाळीच येईना गेली. पाळी आणायच्या गोळ्या घेऊ का? (परतूर)

अंतरा म्हणजे डेपो मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी स्नायूत. गोळी आणि हे इंजेक्शन एकाच मापाने मोजता येत नाही. इंजेक्शनचा साठा स्नायूतून हळूहळू विरतो, तो उलटवणारं औषध नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात. जानेवारीचं इंजेक्शन असेल तर ऑगस्ट ते नोव्हेंबरची अपेक्षा ठेवा, काहींना याहून जास्तही लागतात. पाळी आणायच्या गोळीने एकदा अस्तर गळेल, बीज सुटायला लागणार नाही. आधी निश्चय किटने गरोदरपण नाही ना, हे बघा. ते किट आशाताईंकडे मिळतं. इंजेक्शनला वर्ष होऊनही पाळी नाही आली तर दाखवा, आणि जाताना अंतराचं कार्ड न्या, त्यावरच्या तारखा डॉक्टरांना लागतात.

वर्षभरात मूल हवं असं आधीच ठरलेलं असेल, त्यांनी अंतरा घेऊ नये. हे इंजेक्शन देतानाच सांगायला हवं, ते बऱ्याचदा राहून जातं. त्यांच्यासाठी तांबी बरी, काढली की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. आठवड्याची 'छाया' गोळीही चालते. ती बीज सुटणं थांबवत नाही, ते रुजू देत नाही.

प्रश्न : कॉलेजात असताना पाळी तीन-तीन महिने यायची नाही, चेहऱ्यावर लव होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाळी घड्याळासारखी झाली. लग्नानंतर तीन वर्षांनी गोळ्या सोडल्या, आता चार महिने झाले पाळी नाही. गोळ्यांनीच हे बिघडवलं ना? वय २७, वजन ७४, उंची पाच फूट एक इंच. (छत्रपती संभाजीनगर)

गोळ्यांनी झाकून ठेवलं होतं. तुम्ही सांगता ती लक्षणं पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकं बिघडून बीज वेळेवर न सुटण्याच्या दुखण्याची, आणि गोळ्या चालू असताना येणारी घड्याळासारखी पाळी गोळीची होती, तुमची नव्हती. पडदा बाजूला झाला आणि जुनंच दुखणं दिसायला लागलं.

चार महिने म्हणजे आता दाखवायची वेळ आली आहे, वर्षाची वाट पाहण्याचा नियम तुम्हाला लागू नाही. आधी गरोदरपणाची तपासणी. मग टीएसएच (थायरॉईडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, सोनोग्राफी. ओव्ह्युलेशनच्या पट्टीवर पैसे घालवू नका. पीसीओएसमध्ये ही पट्टी मोजते ते संप्रेरक एरवीही वाढलेलं असतं, पट्टी दिवसेंदिवस गडद दिसते आणि बीज सुटलेलंच नसतं.

७४ किलोतले पाच-सहा किलो जरी उतरले तरी अनेकींची पाळी आपोआप येऊ लागते. त्यासाठी उपास नकोत. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याचं तेल, त्याने वजन चढतं. ज्वारीची भाकरी दोनवरून दीड करा, वरण, मटकी, अंडं, ताक वाढवा, चहातली साखर काढा, आणि रोज पाऊण तास घाम येईल असं चाला.

त्यानेही बीज सुटलं नाही तर लेट्रोझोल देतात, पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, सुरुवातीला बहुधा २.५ मिलिग्रॅम. जावेची चिठ्ठी दाखवून ते मेडिकलमधून आणू नका. पहिल्या महिन्यात सोनोग्राफीने बीजाची वाढ बघावी लागते. वाढलंच नाही तर मात्रा बदलायची, दोन-तीन वाढली तर जुळ्या-तिळ्यांचा धोका. आणि पोटात आधीच गर्भ असताना हे औषध घ्यायचं नाही.

प्रश्न : लग्नाला पाच वर्षं झाली. बायकोने गोळ्या सोडून दीड वर्ष झालं. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, नळ्यांचा फोटोही काढला, सगळं नॉर्मल. आता माझी तपासणी सांगितली आहे. मला कसलाच त्रास नाही, मग गरज काय? (माहूर तालुका)

ही तपासणी सगळ्यांत आधी व्हायला हवी होती. सुई नाही, दुखत नाही, नळ्यांच्या फोटोपेक्षा किती तरी स्वस्त. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीला असतं. संबंधात अडचण नसणं आणि वीर्यात शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून नेणार असाल तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोहोचला पाहिजे. साबण, तेल, थुंकी लागू देऊ नका, साधा निरोध वापरू नका, पहिला थेंब सांडला तर तसं सांगा, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या नमुन्यातले शुक्राणू लॅबपर्यंत मेलेले असतात आणि रिपोर्ट तुमच्या नावावर वाईट येतो.

रिपोर्टमध्ये तीन आकडे बघा. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख किंवा जास्त शुक्राणू, हलणारे ४२ टक्के किंवा जास्त, योग्य आकाराचे ४ टक्के किंवा जास्त. शेवटचा आकडा वाचून घाबरून गेलेले पुरुष रोज दिसतात. ४ टक्के म्हणजे पुरेसे. एक रिपोर्ट खराब आला तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून दिवाळीत आलेला डेंग्यूचा ताप संक्रांतीच्या रिपोर्टात दिसू शकतो.

तंबाखू, गुटखा, दारू सोडायची. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरी तुम्हाला ठाऊक असेलच. सोडल्यावर फरकही तीन महिन्यांनीच दिसेल. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते डॉक्टरांना सांगाच. मर्दानगीचं म्हणून घेतलेलं हे इंजेक्शन वृषणाला शुक्राणू बनवणं थांबवायला लावतं. कापसावर फवारणी करत असाल तर हातमोजे, तोंडाला फडकं, लगेच आंघोळ आणि ते कपडे वेगळे धुणे. लहानपणी गालफुगी होऊन वृषण सुजलं होतं का, हर्नियाचं ऑपरेशन झालं आहे का, वृषणावर शिरांचा गुंता हाताला लागतो का, हेही आठवून ठेवा.

प्रश्न : आत्याच्या मुलाशी लग्न झालं आहे. पुढच्या महिन्यात गोळ्या सोडणार. हिमोग्लोबिन ९.२. लोहाच्या गोळ्या घेते, वाढत नाही. (उदगीर)

गोळ्या सोडणं महिनाभर पुढे ढकला आणि आधी हे उलगडा. लोह चहाबरोबर घेता का? चहा आणि गोळी यांत किमान तासाचं अंतर हवं, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. जंत असतील तर अल्बेन्डाझोल घ्यावं लागेल. पाळीला खूप जात असेल तर तेही कारण असतं.

एवढं करूनही वाढलं नाही, आणि रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली असेल, तर हिमोग्लोबिन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी करा. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष सौम्य रूपात असला तर लोह कितीही घेतलं तरी हिमोग्लोबिन तिथेच अडतं. तो आजार नाही, तुम्ही त्याने मरणार नाही. पण नात्यातलं लग्न असल्यामुळे नवऱ्याकडेही तोच दोष असू शकतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याच दोषाचा गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक. दिवस राहण्याआधी कळलं तर १० ते १२ आठवड्यांत गर्भाची तपासणी कुठे करायची, हे आधीच ठरवता येतं. एचपीएलसी सिकलसेलही दाखवते, किनवट-माहूरकडच्या आदिवासी कुटुंबांनी तर ती करावीच.

यासोबत रक्तगट, टीएसएच, साखर, आणि रुबेला. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर एक महिना गोळ्या चालू ठेवा.

प्रश्न : महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती. आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. आता अडचण येईल का? (परभणी)

नाही. ती गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमची असते, थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्या महिन्याची गणना विस्कटते, पुढची खरी पाळी आली की तिथून मोजा. प्रयत्न चालू असताना ही गोळी घ्यायच्या दिवशी आधी गरोदरपणाची पट्टी करावी, म्हणजे पाळी 'ढकलली' की आलीच नव्हती हा घोळ राहत नाही.

प्रश्न : गोळ्या सोडल्या आणि पाळी न येताच दिवस राहिले. शेवटचे आठ दिवस गोळ्या चालूच होत्या की काय, अशी शंका आहे. बाळाला अपाय होईल का? तारीख कुठून धरायची? (अंबाजोगाई)

सुरुवातीला चुकून घेतल्या गेलेल्या या गोळ्यांमुळे बाळात दोष वाढत नाहीत. त्या कारणासाठी गर्भ पाडण्याची गरज नाही. तारखेचा प्रश्न मात्र खरा आहे. खरी पाळी न येताच बीज सुटलं, तेव्हा शेवटच्या पाळीवरून काढलेली तारीख महिनाभरही चुकू शकते. १२ आठवड्यांच्या आत सोनोग्राफी करून गर्भाच्या लांबीवरून वय ठरवून घ्या आणि पुढे तीच तारीख धरा. नंतरच्या प्रत्येक सोनोग्राफीला तारीख बदलत बसायचं नाही. त्याच तपासणीत गर्भ पिशवीतच आहे हेही दिसेल. पोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर किंवा रक्त जाणं यातलं काहीही झालं तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच रात्री तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा.